लांडग्यापुरता माळ

दिवाळी सरली की आमच्या पारनेरकडच्या माळावर गवत पिवळं पडतं आणि त्याची कुसळं चालणाऱ्याच्या कपड्यांना बिलगतात. तो बारीक, चिवट टोच! लहानपणी उंबऱ्यावर बसून मी सलवारीतली कुसळं वेचत असे, आणि आई म्हणे, "आख्खा माळ घरात आनलास का गं?"

त्याच माळावर काळविटांचे कळप विहरत, आणि त्यांच्या मागावर, मावळतीच्या सोनेरी धुळीत, लांडगा. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारी पहिली मी. हे मी मिरवून सांगते, का सांगू नये? गणितात एम.एस्सी. करताना एक दिवस फळ्यावर मला माझा माळ भेटला. अभिक्रिया-विसरणाची समीकरणं! एक पद सांगतं, किती भक्ष्य जन्मलं आणि किती भक्षकाच्या पोटात गेलं; दुसरं सांगतं, दाटीतून विरळाकडे ही जनावरं कशी पांगत जातात. हरणं वाढली की लांडगे वाढतात, लांडगे वाढले की हरणं ओसरतात. माळभर ही लाट फिरत राहते. किती निष्ठुर, आणि तरी किती समतोल लय! पण त्या लयीला जागा लागते. तुकडा एका मर्यादेहून लहान झाला, की जन्मणाऱ्यांपेक्षा कडेवरून निसटून हरवणारेच जास्त होतात, आणि उत्तर शून्याकडे सरकू लागतं.

मग गावात पाणलोटाचं वारं आलं. माझ्या धाकट्या भावानं सगळं गाव श्रमदानाला जुंपलं. उघडा माळ म्हणजे ओसाड, असं समजून त्यावर चर खोदले, झाडं लावली. विहिरींना पाणी आलं, आईच्या डोक्यावरची घागर उतरली. त्या पाण्याला मी कोणत्या तोंडानं नावं ठेवू? पण मोकळ्यावर धावून जीव वाचवणारं काळवीट झाडीत राहील कसं? ग्रामसभेत मी उठून म्हटलं, अर्धा माळ तरी उघडा सोडा.

"ताई, तुझ्या गणितात हंडा हाय का?" भावानं विचारलं. सभा हसली. "न्हाई ना? मग! लांडग्याच्या नावानं काय सातबारा काढायचा?"

तरी संध्याकाळी तोच मला टेकाडाखालच्या एका तुकड्यावर घेऊन गेला. चार जणांशी भांडून त्यानं तो राखला होता. "ह्यो तुझा. हितं एक खड्डा न्हाई खांदनार कुनी."

"लहान हाय रे," मी म्हटलं.

"एवढंच जमलं, ताई."

काही हिवाळे काळविटं तिथं आली. मग येईनाशी झाली. लांडगा त्याच्याही आधी गेला. समीकरण खरं निघालं, आणि आपलं गणित चुकावं असं मला आयुष्यात पहिल्यांदाच वाटत होतं.

परवा त्या तुकड्यावरून चालले. गवत तेवढं उभं आहे. सलवारीला तोच टोच. पूर्वी ही कुसळं काळविटांच्या अंगावरून माळभर पांगत. आता वाहून न्यायला उरले मीच! चर ओलांडून पलीकडे गेले, झाडांखाली उकिडवी बसले आणि एकेक कुसळ वेचून मातीत टाकलं. त्या गर्द सावलीत ते काय रुजणार? तरी टाकलं.

घरी आले, तर एकही कुसळ नसलेली माझी सलवार न्याहाळत आई उंबऱ्यातूनच म्हणाली, "आज काईच न्हाई आनलंस गं?"