‘हं’चा रकाना

नगरमध्ये आम्ही माणसांना स्कॅनरमध्ये झोपवून गोष्ट ऐकवायचो आणि मेंदूत काय होतं ते पाहायचो. माणसं कर्जतकडच्या शेतकरी घरांतली. हलू नका म्हणून कितीही बजावलं तरी गोष्ट जरा थांबली की सगळ्यांची डोकी किंचित हलायची. डोकं हललं की मेंदूचं चित्र बिघडतं, म्हणून मी वैतागून जायचो.

मेंदूच्या आलेखातले चढउतार ज्या ज्या कारणाने आले असतील, त्या प्रत्येकाचा वाटा वेगळा काढायला आम्ही मॉडेलमध्ये एक रकाना घालतो. त्यालाच रिग्रेसर म्हणतात. मी हालचालीचे रकाने घातले, तर डोकी गोष्टीच्याच तालावर हलत असल्याने त्यांच्याबरोबर गोष्टीचा परिणामही पुसून गेला.

आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमही कर्जतच्याच. त्यांनी कॉम्प्युटर सोडून सरळ एका मावशींना गाठलं. “मावशी, मशीनमधी काय करत हुता?”

“हं म्हनत हुते. कुनी सांगत असताना गप कसं ऱ्हायचं?”

मॅडमनी ‘हं’चा स्वतंत्र रकाना केला. गोष्ट आणि ‘हं’ वेगळे काढता यावेत म्हणून पुढच्या खेपेला सगळ्यांना गोष्टीविनाही ‘हं’ म्हणायला लावलं. आलेखात गोष्ट लख्ख परत आली. इतकं देखणं मॉडेल मी पाहिलं नव्हतं.

“आता तो ‘हं’ टाकून देऊ ना?” मी विचारलं.

“टाकायचा कशाला? मन लावून ऐकणं म्हणतात ते हेच की.”

“हं,” मी म्हणालो, आणि माझंही डोकं हललं.