दहापैकी नऊ

मी गेमचे रिव्ह्यू लिहून पोट भरतो. शुक्रवार पेठेतल्या माझ्या खोलीत बसून, एका वेबसाइटसाठी. सातच्या खाली गुण द्यायचे नाहीत, हा आमच्या धंद्यातला शिष्टाचार. खाली उतरलं की कंपनी पुढचा गेम बाजारात येण्याआधी पाठवत नाही. वाचकांना हे केव्हाच कळलंय. 'विकला गेलास', 'गेम उघडून तरी बघितलास का', असं रोज लिहितात. मी त्यांना मूर्ख म्हणायचो. ते मूर्ख नव्हते, म्हणूनच जास्त राग यायचा.

माझ्यावर विश्वास ठेवणारा एकच माणूस उरला होता, शाळेपासूनचा मित्र. गेम पार्लरमध्ये शेजारी बसून मारामारीचे गेम खेळत आम्ही मोठे झालो आणि मी त्याला एकदाही हरवू शकलो नाही. पुढे टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमागात त्याच्या डाव्या हाताची चार बोटं गेली. त्याने खेळणं सोडलं. मला वाईट वाटलं आणि, खोटं कशाला बोलू, थोडं बरंही वाटलं.

मागच्या वर्षी एका रिव्ह्यूत मी लिहिलं, की हा गेम एका हातानेही शेवटपर्यंत खेळता येतो. नऊ गुण दिले. त्याचा लगेच फोन आला.

"तू खेळून बघितलायस न्हवं? मग सांग की, एका हातानं जमतंय?"

"जमतंय," मी म्हणालो. मी तीन तास खेळलो होतो, दोन्ही हातांनी. एका हाताचं वाक्य कंपनीने गेमसोबत पाठवलेल्या कागदातून उचललं होतं. आम्ही सगळेच उचलतो.

त्याने गेम विकत आणला आणि रविवारी मला घरी बोलावलं. सणासारखी दाढी करून बसला होता. पहिले तीन टप्पे त्याने असे मारले, की बायको स्वयंपाक सोडून दारात येऊन उभी राहिली. चौथ्या टप्प्यात दोन्ही बाजूंची बटणं एकदम दाबून धरायची होती. एका हाताची सोय तिथे चालतच नव्हती. त्याने कोपर लावून बघितलं, हनुवटी लावून बघितली. दहा-बारा वेळा मेला. घामाने शर्ट पाठीला चिकटला.

"तू हितं कसं केलास?"

तो टप्पा मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होतो. "एकाच हाताने केलं," मी म्हणालो. "जमलं मला."

"खरंच केलात, अण्णा?" त्याच्या बायकोने विचारलं. तिची नजर माझ्यावरून हलत नव्हती.

"तू गप. तुला काय कळतंय त्यातलं?" तो तिच्यावर खेकसला. "त्येचं कामच हाय ते. माझ्याच हातात आता काय राह्यलं न्हाय."

मग त्याने वायर काढली, एका हाताने सावकाश गुंडाळली, सगळं खोक्यात भरलं. खरं सांगायला तेवढा वेळ पुष्कळ होता. मी चहा पीत राहिलो.

खोकं कपाटावर ठेवून तो म्हणाला, "बरं झालं तू आलास. न्हायतर मी उगाच गेमला शिव्या घालत बसलो असतो."