दोन शॉवर

आमचा प्लंबर आला की चपला जिन्याखाली ठेवी आणि भिंतीला हात लावून बराच वेळ नुसता उभा राही. बोले फक्त तमिळ, तेही मोजकं. तंजावरातल्या घरावर आम्ही नवं न्हाणीघर बांधत होतो. मद्रासच्या दुकानांत तेव्हा परदेशी नळ नुकते यायला लागले होते, आणि ह्यांना दोघांनी एकदम आंघोळ करायला समोरासमोर दोन शॉवर हवे होते.

"आई विचारतील की," मी त्याच्यासमोरच मराठीत म्हणाले.

"सांगू, एक गरम पाण्याचा, एक गार." पुढे हे जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. आम्ही असं बोलू लागलो की तो पाइपवर जोरजोरात पाना आपटायचा. मला वाटे, सवय असेल.

एकदा सासूबाई वर आल्याच. "दोन कशाला रे?" हे वाकून पाइप मोजू लागले.

प्लंबर मान वर न करता म्हणाला, "येक ऊन पाण्याला, येक गार पाण्याला, आई."

सासूबाई हरखल्या. "अरे, आपल्यातलाच की तू. कॉफी घेशील?"

मी खाली जाऊन कॉफी केली. ती वर न्यायचा मात्र मला धीर झाला नाही. सासूबाईच घेऊन गेल्या.