गिऱ्हाईकाची वाटी

आमच्या दुकानाला दोन पाट्या आहेत. डावीकडे माझं पार्लर, उजवीकडे सासऱ्यांचं किल्ल्यांचं काउंटर आणि मधे कमरेएवढी लाकडी फळी. अख्खा रस्ता सासऱ्यांना किल्लीबाबा म्हणतो. कुलूप कितीही हट्टी असो, हे त्याच्याहून हट्टी. त्यांचं किल्ली घासायचं मशीन सुरू झालं की माझा ड्रायरसुद्धा मुका व्हायचा आणि बायका डोक्याला टॉवेल गुंडाळून कानात बोटं घालून बसायच्या. पण त्या आवाजापायी पार्लर सोडून कुणी गेलं नाही. प्रत्येकीच्या घराचं दार कधी ना कधी याच माणसाने उघडून दिलेलं होतं.

मग किल्लीबाबांचे दात गेले. उरलेसुरले होते तेही एकदमच काढावे लागले. नवी कवळी आली, ती टोचायची. त्यांनी ती पाण्याच्या ग्लासात ठेवली आणि तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. चहा आणि चहात बुडवलेलं बिस्कीट, एवढ्यावर गाडी आली. मी मऊ भात करायची, भाज्या उकडून गाळून सूप करायची आणि सगळं जसंच्या तसं परत यायचं. "भूक नाही," एवढंच उत्तर. मी फार मागे लागले की ते म्हणायचे, "मी काय तान्हं बाळ आहे का? माझ्यासाठी वेगळं काही रांधायचं नाही. आधीच दिवसभर पायावर उभी असतेस तू." माझा जीव तुटायचा आणि डोकंही फिरायचं. स्वतः उपाशी राहून सुनेचे कष्ट वाचवायचे, हा कुठला न्याय?

त्यांच्या कमरेचा पट्टा आत आत सरकत गेला. हात थरथरायला लागले. एकदा शाळेच्या शिपायाला किल्ली करून देताना किल्लीची कोरी पाती वाया गेली. दुसरी घेतली, तीही वाया गेली. त्यांनी शिपायाची माफी मागितली, मशीनवर फडकं टाकलं आणि स्टुलावर नुसतेच बसून राहिले. मी फळीपलीकडून बघत होते. एवढ्या वर्षांत त्यांना रिकाम्या हाताने बसलेलं मी पाहिलं नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी सगळं तपासलं आणि मला बाजूला घेऊन स्पष्टच सांगितलं, "आजार काही नाही. पोटात काही जात नाही, हाच आजार. असंच चाललं तर अंथरूण धरतील आणि या वयात धरलेलं अंथरूण सहजी सुटत नाही." नवरा लांब पल्ल्याच्या गाड्या चालवतो. घरी असेल तेव्हा तोही वडिलांच्या विनवण्या करून थकला होता. त्या दिवशी मी बाथरूममध्ये नळ सोडून पोटभर रडले.

आणि मग नाचाच्या बाई आल्या. या आमच्या जुन्या गिऱ्हाईक. पोरींना नाच शिकवतात, सारखा घट्ट अंबाडा बांधून केसांचा पार झाडू झालेला. त्यांच्यासाठी मी अॅव्होकाडोचा लेप करते. पिकलेल्या फळाचा गर, घट्ट दही आणि थोडा मध. केस मऊ होतात, चमकतात. नवे केस उगवतात असं मी कुणाला सांगत नाही, कारण मला रोज याच रस्त्यावर तोंड दाखवायचं असतं. तर लेप कालवून मी वाटी फळीवर ठेवली आणि बाईंचं डोकं धुवायला घेतलं. वळून पाहते तर वाटी चाटूनपुसून लख्ख.

"बाबा, या वाटीतलं कुठे गेलं?"

"कुठली वाटी?" असं म्हणाले खरे, पण मिशी हिरवीगार झाली होती.

"अहो, ते बाईंच्या केसांना लावायचं होतं!"

क्षणभर ते गडबडले. मग चमचा खाली ठेवत म्हणाले, "मग इतकं चांगलं केसांना फासता कशाला?"

बाई ओल्या डोक्यानिशी हसत सुटल्या. "राहू दे गं," त्या म्हणाल्या, "माझ्या केसांपेक्षा त्यांच्या हाडांना जास्त गरज आहे."

मी घाबरून डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्यांनी आधी लेपात काय काय होतं ते विचारलं आणि मग म्हणाल्या, "शाम्पू नव्हता ना? मग छान जेवले म्हणा की!" अॅव्होकाडोत चांगली चरबी असते, तंतू असतात, पोटॅशियम असतं, साखर अगदी कमी. थोडं खाल्लं तरी बरीच ताकद मिळते आणि चावावं लागत नाही. लोण्याऐवजी हे खाल्लं तर हृदयालाही बरं. "त्यांची किडनी ठीक आहे, रक्त पातळ करायची गोळी चालू नाही, तेव्हा खुशाल द्या. पण फळ आहे, औषध समजू नका. सोबत अंडं, दूध पोटात गेलंच पाहिजे."

मी हवेतच तरंगत घरी आले. दुसऱ्या दिवशी गर छान कुस्करला, मीठ-लिंबू घातलं आणि त्यांच्यासमोर ठेवला.

"हे कुणाचं?"

"तुमचंच, बाबा."

"भूक नाही."

वाटी परत! मी दात-ओठ खाल्ले. दुपारभर कंगवे घासत धुसफुसत होते आणि घासता घासता डोक्यात लख्ख प्रकाश पडला. यांना अन्नाचं वावडं नव्हतंच. त्यांच्यासाठी म्हणून कुणी काही केलं की तो घास त्यांच्या घशाखाली उतरत नव्हता. आयुष्यभर लोकांची दारं उघडून दिली, स्वतः कुणाचं दार वाजवायची सवय नाही.

पुढच्या दिवशी मी वाटी फळीवर ठेवली, मोठ्याने म्हणाले, "बाईंचा लेप तयार आहे, कुणी हात लावू नका हं!" आणि पाठ फिरवली. थोड्या वेळाने मागून चमच्याचा आवाज आला. मला इतका आनंद झाला की समोर बसलेल्या बाईची भुवई वाकडी होता होता वाचली.

तेव्हापासून आमचं नाटक सुरू झालं. वाटीत उकडलेलं अंडं कुस्करून पडायला लागलं, कारण केसांना अंडं चांगलं. मीठ आणि मिरपूड पडली. केसांना मिरपूड कोण लावतं, हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. कधी दूध-केळ्यासोबत मिक्सरमधून, कधी दुधात भिजवलेल्या ब्रेडवर लोण्यासारखा गर पसरून. ब्रेड कशाला लागतो हे विचारलंच असतं तर फेस पॅकसाठी म्हणून सांगायचं मी ठरवून ठेवलं होतं. गिऱ्हाइकंही कटात सामील झाली. नुसत्या भुवया करायला आलेली बाईसुद्धा जाता जाता म्हणायची, "माझा लेप आज राहू दे गं, ठेव तिथेच." नवऱ्यालाही मी लोण्याऐवजी हेच द्यायला लागले. सालीला चिकटलेला गर माझ्या टाचांना आणि भांड्याला चिकटलेला माझ्या पोटात. त्यामुळे वजन आधी माझंच वाढलं.

हळूहळू फळं निवडायचं काम किल्लीबाबांनी आपल्याकडे घेतलं. मी कडक फळं केळ्यासोबत कागदी पिशवीत घालून ठेवते, तसं केलं की लवकर पिकतात. ते पिशवीत हात घालायचे, डोळे मिटायचे, देठाजवळ अंगठ्याने हलकेच दाबायचे. "हे उद्या उघडेल," म्हणायचे. "हे अजून बंद आहे."

बिया मी खिडकीत ठेवत असे. त्या नाहीशा व्हायला लागल्या. उंदीर असतील म्हणून मी पिंजरासुद्धा लावला. मग एक दिवस नाचाच्या बाईंनी आपली किल्ली नाचवत दाखवली. किल्लीला एक इवलासा नाचाचा बूट लटकत होता, तांबूस, गुळगुळीत, नाडीसकट. बी कोरून केलेला. मी किल्लीबाबांकडे पाहिलं. ते बारीक कानस घेऊन पुढच्या बीवर वाकले होते आणि त्यांचा हात जराही हलत नव्हता. मशीनवरचं फडकं खुंटीला टांगलेलं होतं. थोड्या वेळाने मशीन सुरू झालं, तोच कान किटवणारा आवाज. मी ड्रायर बंद करून ऐकत राहिले. डोळे भरून आले, ते मी पुसलेही नाहीत.

आमची आठवड्याची सुट्टी होती. दुकान बंद, नवरा गाडीवर, मी पाय वर करून निवांत बसलेली. किल्लीबाबा स्वयंपाकघरात आले. ओट्यावर नजर टाकली, मग टेबलावर.

"आज बाई नाही का येणार?"

"सुट्टी आहे, बाबा. आज कुणीच येणार नाही."

एखादं गिऱ्हाईक बनवून सांगावं असं अगदी ओठावर आलं होतं माझ्या, पण मी तोंड घट्ट मिटून बसले. ते दारापर्यंत गेले. परत आले. खुर्ची ओढून टेबलाशी बसले आणि पातेल्यांकडे बघत म्हणाले,

"सूनबाई, मला भूक लागलीय. माझ्यासाठी काहीतरी कर ना."

मी उठले ती इतक्या घाईने की चप्पल एकाच पायात राहिली. पिशवीतलं फळ काढलं, कापलं, कुस्करायला घेतलं.

"आणि मीठ जरा बेतानं टाक," मागून आवाज आला. "बाईंच्या केसांना चालत असेल, मला खारट लागतं."