रेंजच्या खडकावरचा फोन

तेव्हा माझं काम होतं विचारत फिरायचं. रेडिओवर आरोग्याच्या हेल्पलाईनची जाहिरात लागायची. ती ऐकून लोक फोन करतात का, हे अणशीकडच्या वाड्यांवर घरोघर जाऊन बघायचं. जाहिरात सगळ्यांना पाठ. फोन केला का म्हटलं, की उत्तर ठरलेलं, "आमाला काय धाड भरलीया?"

साहेब म्हणाले, जाहिरातीत दम नाही, बदलू या. माझं डोकंच फिरलं. आमच्या वाडीत रेंज येते ती विहिरीच्या वरच्या अंगाला असलेल्या एकाच खडकावर. उजाडल्यापासून तिथं बायामाणसं बसलेली, एकाचा फोन म्हणजे सगळ्यांचा फोन. अंधारात जावं तर गवे उतरतात. तिथं उभं राहून कोण आपलं मन उघडं करणार? साहेबांना सांगितलं, तर म्हणाले, ते आपल्या प्रश्नांत येत नाही.

कसं येणार? पण माझ्या घरात ते रोज समोर होतं. माझी अक्का बाळंतपणाला माहेरी आली होती. बाळ गुटगुटीत, आणि ही भिंतीकडं तोंड करून पडलेली. जेवण नाही, झोप नाही. एकदा म्हणाली, "ह्याला घे गं माझ्याजवळनं. मला भ्या वाटतंय माझंच." हेल्पलाईनचा नंबर तिलाही पाठ होता. पण खडकाचं नाव काढलं की मान हलवायची. "सासरी कळंल."

शेवटी एका दुपारी बाळाला आईकडं देऊन मी तिला हाताला धरून नेलंच. खडकावर चार बाया होत्या, आणि मधोमध शेजारची मावशी. हिच्या तोंडात तीळ भिजत नाही! मेलो आपण, म्हटलं मनात. अक्का तिथंच थबकली, परत वळली.

मावशीनं तिच्या तोंडाकडं नुसतं बघितलं. मग पदर खोचून उठली.

"उठा गं सगळ्याजणी! विहिरीवर चला."

"आत्ताच तर पानी भरलंय की," एक म्हणाली.

"मग वतून परत भरा!"

सगळ्यांना हाकलत ती खाली गेली. आमच्याकडं पाठ करून बसली, आणि एवढ्या मोठ्यानं भांडी घासायला लागली की आम्हालाच एकमेकींचं ऐकू येईना.

मी नंबर लावून फोन अक्काच्या हातात दिला. ती बोलली. रडली, परत बोलली. हेल्पलाईनवरच्या बाईंनी सांगितल्याप्रमाणे दुसऱ्याच दिवशी आम्ही तिला डॉक्टरांकडं नेलं. सावकाश, पण ती सावरली.

बरी झाल्यावर मी तिला माझा ठरलेला प्रश्न विचारला: फोन कशामुळं केला? रेडिओ, भिंतीवरचा कागद, की गाडीवरचा भोंगा?

"रेडिओ रोजच सांगत हुता की गं," अक्का बाळाला थोपटत म्हणाली. "मावशी उठली, म्हणून केला."

ती मावशी अजून सगळ्या वाडीच्या बातम्या सांगत असते. अक्काची मात्र तिनं कधी कुणाला सांगितली नाही.