वहिनीसाठी काढलेले पाटे

आमच्या गावात जीप एकच होती आणि ती मी चालवायचो, त्यामुळे गावातला सर्वांत चांगला ड्रायव्हर मीच, हे आपोआप ठरलेलं होतं. लष्कराच्या लिलावातली जुनी जीप आणि तिच्यामागे तसलाच दोन चाकांचा ट्रेलर. जाताना त्यात हिंगणघाटच्या जिनिंगसाठी कापूस, येताना खताची पोती. कापूस काय आणि खत काय, दोघांनाही तोंड नसतं. माझ्या ड्रायव्हिंगची कीर्ती त्यांच्याच भरवशावर उभी होती, हे मला फार उशिरा कळलं.

सत्तरच्या दशकाची शेवटची वर्षं असतील. वहिनी माळ्यावरून शिडीसकट खाली आली आणि तिची पाठ कायमची धरली. पडून असली की ठीक, पाच-दहा मिनिटं बसली की कळ उठायची. जीभ मात्र शाबूत होती. मी आरशासमोर भांग पाडत असलो की पलंगावरून विचारायची, "भाऊजी, आज कोणाची पोरगी पाहाले चालले?" दोन वर्षं ती त्या खोलीच्या बाहेर गेली नव्हती. माहेर कारंजाजवळ, म्हणजे वर्धा जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, आणि आई इतकी थकलेली की तिला इकडे आणायची सोय नव्हती. अशात धाकट्या भावाचं लग्न निघालं. वहिनीने तोंडाने काही मागितलं नाही. पत्रिका तेवढी उशाखाली ठेवली.

डॉक्टर म्हणाले, आडवी झोपवून नेता येईल, पण हादरा बसता कामा नये. जीपमध्ये पाय लांब करायला जागा नव्हती. मी म्हटलं, ट्रेलरमध्ये गादी घालू, वर बांबूच्या तट्ट्याचं छत करू, नेतो मी. एका सकाळी तिला गादीवर ठेवून गावाच्या शिवेपर्यंत फेरी मारून आणली.

"कसं वाटलं?" मी विचारलं.

"मस्त. लय हळू चालवता तुमी, भाऊजी."

मी खूश. दादाने मला दंडाला धरून बाजूला नेलं.

"तिचा ओठ पाह्यला का तू?"

खालचा ओठ दातांनी फोडून घेतला होता तिने.

"माहेरी जाच्यासाठी ती मरून जाईल, पण तुले सांगणार नाई," दादा म्हणाला. "आता नेणं बंद."

मला दादाचा राग आला आणि त्याहून जास्त त्या ट्रेलरचा. तसाच तो जीपला जोडून जाम गावाला गेलो. तिथे फाट्यावर ट्रकच्या कमानी दुरुस्त करणारा एक मिस्त्री होता. बाप बैलगाड्या करायचा, हा लोखंडाकडे वळलेला. पोलादी पाटे एकावर एक रचून चाकाच्या वर जी कमान बांधतात, तिचा त्या रस्त्यावर एकच इलाज सगळ्यांना ठाऊक होता, तो म्हणजे पाटा वाढवणे. मीही ऐटीत सांगितलं, "मिस्त्री, दोन पाटे वाढवा. मजबूत करून द्या."

"भरणार काय?"

"माझी वहिनी."

त्याने हातोडा खाली ठेवला. "वजन?"

"असेल चाळीस-पंचेचाळीस किलो."

"अन् कमान आहे पाच क्विंटलची. ती कशाले वाकते? कमान वाकली नाई तर धक्का बाईच्या पाठीत जाते. अन् तुमी अजून पाटे घालून राह्यले." मग ट्रेलरकडे बोट दाखवून म्हणाला, "झोपा."

"मी?"

"ज्याले न्यायचं त्याच्या जागेवर झोपून पाहा लागते."

मी झोपलो आणि त्याने जीप हाकली. माझ्यापेक्षा वाईट चालवत नव्हता. तरी पहिल्याच खड्ड्याला डोकं फळीवर आदळलं, दुसऱ्याला दात वाजले आणि फर्लांगभरात वहिनीचा ओठ मला पुरता समजला. मला स्वतःची इतकी लाज त्याआधी कधी वाटली नव्हती.

तीन दिवस तो त्या ट्रेलरमागे लागला. वाढवणं दूरच, त्याने ट्रेलरच्या कमानीतले निम्मे पाटे काढून टाकले, उरलेले घासून त्यांच्यामध्ये ग्रीस भरलं. त्यातलाच एकेक पाटा मापात आणून जीपच्या मागच्या कमानींत घातला, कारण ओढताना जीपचं बूड खाली बसून उसळायचं आणि ट्रेलरला घेऊन नाचायचं. हादरा जिरवायला भंगारातले दोन शॉकअपही बसवले. माझी गादी बघून तर तो चिडलाच.

"मागं सरकवून टाकली ना गादी? तुमी बैलगाडी भरता का नाई? मागं जड झाली का गाडी उलाळ होते, बैलाचा गळा आवळते. लय पुढं जड झाली का मानेवर बसते. मंग जीपले मान नसते का?"

गादी वीतभर पुढे आली. मग तो स्वतः तिच्यावर झोपला आणि मला चालवायला सांगितलं. हादरा पाठीपर्यंत पोचला की तो पान्याने फळीवर ठोका द्यायचा. पहिल्या दिवशी ठोक्यांनी माझे कान किटले. तिसऱ्या दिवशी इतका वेळ शांतता होती, की हा झोपला की काय म्हणून मी मागे वळून पाहिलं. मी आयुष्यात शिकलेली माणसं पुष्कळ पाहिली, पण दुसऱ्याची पाठ कळावी म्हणून आपली पाठ लावणारा तो एकच.

दादाने घरी ट्रेलर पाहिला. गादीवर आडवा झाला आणि चालव म्हणून हाताने खूण केली. शिवेपर्यंत नेऊन आणल्यावर एवढंच म्हणाला, "ने."

हळदीच्या दिवशी सकाळी वहिनीला घेऊन दादा आणि मी निघालो. जामला मिस्त्री रस्त्यावरच उभा होता. आधी वाकून कमानी पाहिल्या, मग तट्ट्याखाली डोकं घालून म्हणाला, "बाई, खरं सांगजा. इथं खोटं बोलसान तर माही मेहनत पाण्यात जाईल."

वहिनी म्हणाली, "मघा पुलावर दुखलं."

दोन वर्षांत आम्हा घरच्या कोणालाही तिने हे सांगितलं नव्हतं. दादाने मान खाली घातली. मिस्त्रीने ट्रेलरच्या चाकांतली थोडी हवा सोडली आणि पूल आणि रस्ता जुळतो त्या जोडावरून गाडी कशी उतरवायची ते मला सांगितलं. वर्धा, आर्वी करत आम्ही दुपार टळल्यावर कारंजाच्या पुढे तिच्या गावी पोचलो. ओठ मी स्वतः वाकून पाहिला. धड होता.

अंगणात बाया जमल्या. खाट आणा, धरून उतरवा, असा गलका सुरू झाला. तेवढ्यात तिची आई काठी टेकत आली. लेकीला असं आडवं पडलेलं तिने कधी पाहिलं नव्हतं. रडेल असं मला वाटलं. तिने काठी माझ्या हातात दिली, जावयाच्या खांद्याला धरून ट्रेलरवर चढली आणि म्हणाली, "सरक थोडी."

वहिनी सरकली. म्हातारी तिच्या शेजारी आडवी झाली आणि लेकीच्या कुशीत तोंड घातलं. नवरदेव हळद लागायची वाट पाहत पाटावर ताटकळला होता. तरी त्या भरल्या घरातल्या एकानेही दोघींना उतरा म्हटलं नाही.