लेनूभावोजींचा एकच सूर

सुलभाताईचा फोन आला तेव्हा मी शहापूरच्या बाजारात भेंडी निवडत होतो. "तुझे भावोजी गेले रे... चहा घेता घेता खुर्चीतच मान टाकली," एवढंच ती बोलू शकली. पिशवी तिथेच ठेवून मी डोळखांबची गाडी पकडली. तिथल्या आमच्या घरात गेली काही वर्षं ती दोघं राहत होती. दुःख झालं, फार झालं. पण या माणसाचं काही राहून गेलं, असं मात्र वाटेत एकदाही मनात आलं नाही.

भावोजी म्हणजे लेनर्ड, गावाचे लेनूशेठ. अमेरिकेतले जाझ पियानोवादक. वडील रेल्वेत हमाल. चर्चमधल्या पियानोवर हात बसला आणि मिसरूड फुटायच्या आत गडी मोठ्या शहरातल्या क्लबांत वाजवू लागला. उभा जन्म गाणाऱ्यांच्या मागे बसून काढला. तबकडीवर फोटो गायिकेचा, यांचं नाव पाठीमागे बारीक अक्षरांत. मी चिडवायचो, "म्हणजे जन्मभर करवलीच की तुम्ही!" तर हसून म्हणायचे, "करवली नसेल तर नवरी घाबरते." तिकडे नर्स असलेल्या ताईशी लग्न केलं, तिच्याकडूनच मराठी शिकले, आणि दोघं निवृत्त झाल्यावर कीबोर्ड काखोटीला मारून इकडेच आले.

इथे त्यांना धवळ्यांनी, म्हणजे आमच्या लग्नविधींच्या गाण्यांनी, वेड लावलं. आमच्याकडे लग्नात धवळारीण असते. एकेका विधीला ती धवळे म्हणते, वाद्याशिवाय, आपल्या चालीने, मनाला येईल तिथे थांबत. आमची चांगुणाबाय त्यातली पट्टीची. मरायच्या आत या बाईच्या साथीला बसायचं, हा भावोजींचा एकच ध्यास. पण पहिल्याच लग्नात उतावीळपणा नडला. धवळा चालू असताना त्यांनी न विचारता कीबोर्डवर हात टाकला. चांगुणाबाय थांबली. हळद लावणारे हातही थांबले. "धवल्याला वाजाप लागत नाय, बाबा. ठेव ती पेटी," ती म्हणाली. भावोजींनी कान पकडले. त्यानंतर कीबोर्ड घरी राहिला, पण लग्न त्यांनी एकही सोडलं नाही, मग पत्रिका असो वा नसो. मांडवाच्या कडेला बसून नुसतं ऐकायचे.

मग माझ्या लेकीचं, वैशालीचं लग्न निघालं. हळदीला चांगुणाबायला मधेच ठसका लागला तो थांबेना. धवळा अर्धवट तुटला, मांडवात चुळबुळ सुरू झाली. "डीजे लावा रे, टाइम जातोय!" कोणीतरी ओरडलं. भावोजी उठले. मला वाटलं, साधली यांनी संधी, आता वाजवणार! पण त्यांनी डीजेवाल्याला हातानेच थांबवलं, चांगुणाबायपुढे पाण्याचा तांब्या ठेवला आणि मांडी घालून गप्प बसून राहिले... तिने घोटभर पाणी घेतलं, दम खाल्ला, आणि जिथे तुटला होता तिथूनच धवळा उचलला. संपल्यावर म्हणाली, "तुला थांबता येतं रे. उद्या पेटी घेऊन ये."

दुसऱ्या दिवशी सगळं गाव कान टवकारून बसलं. आणि भावोजींनी वाजवलं काय? एक सूर. धवळ्याच्या खाली हलकेच धरून ठेवलेला. "आयला, एवढ्यासाठी अमेरिका?" माझा मेव्हणा पुटपुटला. भावोजी मात्र नव्या नवऱ्यापेक्षा खूष दिसत होते. त्यानंतर प्रत्येक मांडवात त्यांची जागा चांगुणाबायच्या शेजारी.

दहाव्याला ती आली. सुतकाच्या घरात धवळा म्हणत नाहीत, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक! पडवीत कीबोर्डपाशी बसली. "ताय, त्याचा तो सूर कंचा गो?" ताईने बटण दाबून पट्टी दाखवली. चांगुणाबायने त्या पट्टीवर बोट ठेवलं आणि दाबून धरलं. ती गायली नाही. बोटही काढलं नाही.

"दम घे रे," ती म्हणाली, "मी धरलाय."